हातानं बघणारे तावडे काका

सौदीत, जेद्द्यात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहणारे तावडे काका रोज संध्याकाळी बाहेर येऊन सगळ्यांच्या गाड्यांच्या टायरांवर हात फिरवायचे. एखादा टायर मऊ लागला की मालकाच्या नावाने शिवी. मूळचे देवगडचे, इथे बंदरावर कंटेनरचा ट्रेलर चालवायचे. तीन वर्षांत माझ्याशी एकदाही धड बोलले नाहीत. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून मला ते ‘कॉलेज’ म्हणायचे. आमची गाडी त्यांच्या जागेत वीतभर गेली की सकाळी सहाला बाबांना फोन यायचा, “तुमच्या कॉलेजाक गाडी लावूक शिकवा.”

मला ते आवडत नव्हते. असं सरळ लिहावं का, कळत नाही. पण खोटं लिहिण्यापेक्षा बरं.

बाबांना रियाधच्या पलीकडे, अल खर्जच्या एका डेअरीत यंत्रदुरुस्तीचं काम मिळालं. रविवारी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. नेमका त्याच आठवड्यात त्यांचा हात प्लास्टरमध्ये गेला. घरात दुसरं लायसन्स माझंच. बाबांच्या ओळखीच्या एकाने छोटा ट्रेलर दिला आणि आमच्या गाडीला मागे हुक बसवून दिला.

शुक्रवारी सकाळी सामान भरलं. नव्या घरात गेल्या गेल्या दूध उतू घालवायचं, म्हणून आईने शेगडी, पाटा-वरवंटा आणि तांदळाची पोती सगळ्यात मागे, दाराशी ठेवली. वॉशिंग मशीनही तिथेच. गाद्या पुढे. ट्रेलर जोडायचा बाकी होता, तेवढ्यात तावडे काका आले. ट्रेलरचा पुढचा दांडा त्यांनी दोन बोटांनी सहज उचलला आणि माझ्याकडे पाहिलं.

“कॉलेजात ह्या शिकवूक नाय काय गो? वजन सगळा मागे, वाटेत ट्रेलर डुलतलो. काढ सगळा खाली.”

“काका, उशीर होतोय.”

“उशीर कसलो? मराक?”

आई चिडली. “शेगडी मागेच राहील. आमची रीत आहे.”

“वैनी, रीत घरात गेल्यार. आधी घरात पोचा.”

जड सामान चाकांच्या वर आणि जरासं पुढे, गाद्या मागे. दोन तास गेले. काकांनी स्वतः एक पिशवीसुद्धा उचलली नाही. ट्रेलर जोडल्यावर त्याच्या साखळ्या दांड्याखालून गाडीला फुलीसारख्या अडकवायला लावल्या, आणि मी अडकवल्यावर चार वेळा सोडायला लावल्या. “डोळ्यान नको, हातान बघ,” दर वेळी तेच. बघायला अर्धी इमारत गोळा झाली होती. मला रडू येत होतं.

“ट्रेलर हलूक लागलो तर ब्रेक मारू नको. ॲक्सिलरेटरवरचो पाय काढ, स्टिअरिंग सरळ धर. ब्रेक मारलंस काय खलास.” एवढं बोलून ते वळले आणि आत गेले. निरोप नाही की शुभेच्छा नाहीत.

“सुटलो एकदाचे,” आई म्हणाली.

वाटेतलं ताइफ शहर मागे पडलं. सरळ रस्ता होता, आडवा वारा होता. एक मोठा ट्रक शेजारून पुढे गेला आणि आमची गाडी मागून कुणीतरी ढकलावी तशी डावी-उजवीकडे ओढली जाऊ लागली. आरशात ट्रेलर एकदा या बाजूला दिसे, एकदा त्या.

“ब्रेक मार,” बाबा ओरडले.

आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांचं ऐकलं नाही. पाय काढला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवलं. वेग उतरत गेला, आणि ट्रेलर हळूहळू गाडीमागे सरळ आला. पुढच्या पेट्रोल पंपावर उतरून मी साखळ्यांना हात लावला. तावडे काकांना मनात शिव्या देत प्रत्येक थांब्यावर लावला.

शनिवारी अल खर्जला शेगडी बाहेर काढण्यासाठी आम्हाला आधी गाद्या, मग बाकीचं सगळं उतरवावं लागलं. आई सगळा वेळ तावड्यांच्या नावाने बोटं मोडत होती. दूध उतू गेलं तेव्हा मात्र पदराला हात पुसत म्हणाली, “कळव त्यांना. पोचलो म्हणून.”

मी मेसेज करून कळवलं. लगेच उत्तर आलं.

“बरा. आता थंय दुसऱ्याच्या जागेत गाडी लावू नको.”

मी खाली जाऊन पाहिलं. गाडी शेजाऱ्याच्या जागेत वीतभर गेली होती. मी ती काढून नीट लावली.