एकदा मेलेली बाई

नवीन माणूस भेटलं की मावशी आपली ओळख अशी करून देत: "मी एकदा मेलेली बाई आहे. आता भिऊन राहिलेय ती दुसऱ्या खेपेला." समोरचा माणूस गोंधळला की त्या पोट धरून हसत.

गावात त्यांना बायबलबाई म्हणत. रत्नागिरीत आमच्या घराला लागून त्यांचं लहानसं कौलारू घर होतं. मध्ये फक्त कमरेएवढा जांभ्या दगडांचा गडगा आणि गडग्याला टेकलेला एक फणस. मावशी जन्माने संगमेश्वराकडच्या भटाघरच्या. नाव यमुना. लहानपणी विधवा झाल्या, पुढे मिशनच्या शाळेत शिकल्या आणि ख्रिस्ती झाल्या. तेव्हा त्यांच्या थोरल्या भावाने दर्भाची बाहुली करून तिला अग्नी दिला, पिंड पाडले, तेराव्याचं जेवण घातलं. बहीण मेली, विषय संपला.

हेही मावशी हसतच सांगत. "पिंडाला कावळा लगेच शिवला म्हणे! अगो, इच्छा राहिली असेल तर शिवत नाही ना? इकडे मी शंभर इच्छा घेऊन जिवंत बसले होते आणि त्या मेल्याला पत्ता नाही. लबाड कावळा!"

खांद्याला पिशवी आणि हातात काळी छत्री घेऊन त्या रोज वाड्यावाड्यांतून हिंडत. बायका मासे निवडत असोत की भात कांडत असोत, मावशी तिथेच पाटावर बसत आणि पापाचा विषय काढत. "पाप म्हणजे माशाचा वास गो. दुसऱ्याचा येतो, आपला आपल्याला येत नाही."

एकदा एक कोळीण म्हणाली, "मग तुमच्या येशूकडे साबण हाय का?"

"साबण आहे. पण पाठ त्याच्या हातात द्यावी लागते. आपली आपण घासून पाठ कधी निघालीय?"

सगळ्या हसल्या. ख्रिस्ती कुणी झाली नाही, पण पुढच्या आठवड्यापासून पाट मात्र आधीच मांडलेला असे.

मी फार लाजरी. चौथीनंतर शाळा सुटली, तशी घरात कुणी आलं की मी दाराआड. मावशी मला कधी ओढून पुढे आणत नसत. दाराकडे बघून म्हणत, "तू तिथूनच ऐक. मला काय, भिंतीलासुद्धा सांगायची सवय आहे." मग मला क्रुसावरच्या चोराची गोष्ट सांगत. येशूच्या शेजारी टांगलेला, आयुष्यभर चोऱ्या केलेला, शेवटच्या घटकेला 'माझी आठवण ठेव' म्हणाला आणि तेवढ्यावर तरला. "चोर गो, चोर! आणि स्वर्गात सगळ्यांच्या आधी तोच शिरला!" हे सांगताना त्यांना इतका आनंद होई की जणू तो त्यांच्या माहेरचाच.

माझी आई तोंडाची फटकळ. ती एकदा चुलीपुढून म्हणाली, "शेवटच्या घटकेला चालतं, तर आधी चांगलं वागायचं कशाला हो, बाई?"

"शेवटची घटका कोणती, याची तुला तार येणार आहे का?"

"बरं. चोराला माफी आहे, मग तुमच्या दादाला का नाही?"

मावशींनी उघडलेली छत्री मिटली, पुन्हा उघडली. म्हणाल्या, "चोराचं सोपं आहे. त्याने माझं काही चोरलं नव्हतं."

तेव्हा मला त्यांच्या खोकल्याचा उलगडा झाला. संध्याकाळी त्या मोठ्याने प्रभूची प्रार्थना म्हणत, ती आम्हाला ओटीवर ऐकू येई. आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली तशी आम्हाला कर, असं त्यात मागणं आहे. नेमकं तिथे मावशींना ठसका लागे. ओळ सरली की खोकलाही सरे. मी धीर करून विचारलं, तर खोटं बोलल्या नाहीत. "देवासमोर कसं म्हणू? केलीच नाही क्षमा. तोंडाने म्हणते, आतून होत नाही. जगाला स्वर्गाची वाट दाखवते, आणि मला एखादे वेळी दारातूनच परत पाठवतील बघ." एवढं बोलून हसल्या, पण त्या दिवशी पोट धरलं नाही.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी, चैत्रात, मी अंगणात आंब्याचं साठं वाळत घालत होते. काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले आणि फणसाखाली गडग्यावर बसले. संगमेश्वराहून मोटारीने आले होते. पलीकडे मावशी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पाहिलं, आणि हातातलं सूप तसंच राहिलं.

ज्याचं श्राद्ध घातलं त्याच्याशी बोलायचं कसं? म्हातारबुवांनी मान वर केली आणि झाडाला म्हणाले, "फणसा, तुझ्या मालकिणीला सांग, दादा आलाय."

मावशीही झाडाकडेच बघून म्हणाल्या, "फणसा, विचार त्यांना, मेलेल्या माणसाकडे काय काम काढलंन?"

"सांग तिला, बाहुलीला अग्नी दिला तो मीच. आईने त्यानंतर गोडाला हात लावला नाही. आता मला धड दिसत नाही, फार दिवस काढायचा नाही मी. वर गेल्यावर यमू समोर आली तर कोणत्या तोंडाने बघू? म्हणून आधीच आलोय."

मावशींना ठसका लागला. मोठा, डोळ्यांतून पाणी काढणारा. आई पाणी घेऊन धावली, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. खोकला थांबल्यावर गडग्यापाशी आल्या.

"दादा, तो फणस बहिरा आहे. माझ्याशी बोल."

"यमू," एवढंच ते म्हणाले.

उन्हातून आलेला माणूस, पण पाणी कुणाच्या हातचं देणार? भटाला आमच्या घरचं चालेना, मावशींचं तर नाहीच. आईने मुकाट्याने एक शहाळं कोयत्याने तासून मावशींच्या हातात दिलं. शहाळ्याला विटाळ नसतो. मावशींनी ते पुढे धरलं आणि दादांनी बहिणीच्या हातून घेऊन शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं.

"सोडलं मी, दादा," मावशी म्हणाल्या. "आत्ताच. खोकल्याबरोबर गेलं बघ."

"तुझा देव मला घेईल का गो?"

"चोराला घेतलंन, तुला न घ्यायला काय झालं? त्याच्या मागे उभा राहा."

"आणि तू?"

"माझीच तर पंचाईत होती. आता घेतील."

उठताना मावशींनी चिडवलं, "घरी जाऊन आंघोळ करशील ना?"

"करीन. पण शहाळं पोटातच राहील."

त्या संध्याकाळी आई आणि मी ओटीवर कान देऊन बसलो. ती ओळ आली आणि सरळ गेली. आई म्हणाली, "खोकला गेला वाटतं बाईंचा."

पुढे मी बाळंतपणाला माहेरी आले होते, तेव्हा मावशी दुसऱ्यांदा गेल्या. आदल्या दिवसापर्यंत हसत होत्या. त्यांना त्यांच्या रीतीने पुरलं, गाणी म्हटली. ख्रिस्ती माणसाला पिंड नाहीत. पण आईला राहवेना. तिने गरम घावन केळीच्या पानावर घालून गडग्यावर ठेवलं. "रागावतील का गो त्या?" ती म्हणाली. मी म्हटलं, "हसतील."

आई हात पुसत मागे वळते तोच फणसावरून कावळा उतरला.

"या खेपेला लबाडी नाही हो केलीन," आई म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत आम्ही दोघी मोठ्याने हसलो.