धसईची सहल आणि मी पुसलेलं कार्ड

"एकदा माझ्या गावाला चला की," असं गायकवाडकाका आमच्या फोटो मंडळाच्या प्रत्येक बैठकीत म्हणायचे आणि मी प्रत्येक वेळी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून टाळायचे. मला वाटायचं, धसईच्या पुढे जाऊन काय मिळणार आहे? माहुलीचा डोंगर जवळ, उंबरमाळीचं जंगल जवळ, मग जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायची कशाला? शेवटी या जानेवारीत काका म्हणाले, "ताई, आमच्या गावातल्या आज्या आता फार दिवस वाट बघायच्या नाय." मग मात्र मला लाज वाटली आणि मी लगेच गाडी ठरवली.

आमचं मंडळ म्हणजे वाशिंदमधली चौदा हौशी माणसं. कोणी कारखान्यात, कोणी शाळेत, कोणी निवृत्त. महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमायचं, फोटो दाखवायचे, एकमेकांच्या फोटोंना नावं ठेवायची आणि पोहे खाऊन घरी जायचं. मी अध्यक्ष वगैरे काही नाही. पण निरोप मी पाठवते, गाडी मी ठरवते आणि आवाजही माझाच मोठा, त्यामुळे सगळे आपले माझं ऐकतात. नवरा म्हणतो, तू मंडळ चालवत नाहीस, हाकतेस.

सहलीचा आमचा एक नियम आहे, आणि तो माझ्याच डोक्यातून निघालेला. पूर्वी रोलमध्ये छत्तीस फोटो यायचे, तसे आम्ही सहलीला माणशी छत्तीसच काढतो. एकदा दाबलेलं बटण परत घ्यायचं नाही, काढलेला फोटो खोडायचा नाही. कोणी लबाडी करू नये म्हणून निघताना सगळ्यांनी सगळ्यांसमोर आपलं कार्ड कोरं करायचं. फॉरमॅटचं बटण दाबलं की आतलं सगळं पुसलं जातं आणि सगळे शून्यापासून सुरू. या नियमाचं मला फार कौतुक होतं. दुसऱ्या मंडळांतल्या लोकांना मी तो मुद्दाम सांगायचे.

सकाळी साडेसहाला नऊ जण जीपने निघालो. शहापूरला पोचायला अर्धा तास पुरतो, पण रविवारी आसनगावच्या अलीकडे गाड्या तुंबतात, तेव्हा तुम्ही जाणार असाल तर सातच्या आत तो टप्पा ओलांडा. पेट्रोल-डिझेल शहापुरातच भरून घ्या. बाजारात एका टपरीवर चहा आणि गरम कांदाभजी घेतली. माणशी पन्नाससुद्धा लागले नाहीत. धुकं अजून उतरत होतं, माहुलीचे सुळके दिसत-नाहीसे होत होते, आणि जो तो कॅमेरा बाहेर काढायला उतावीळ झाला होता.

"आधी कार्डं," मी म्हटलं.

सगळ्यांनी टपरीच्या बाकाभोवती कार्डं कोरी केली. काकांचं काही होईना. ते पोस्टातून निवृत्त झाल्यावर कॅमेरा शिकलेले, भाच्याने दिलेला जुना कॅमेरा वापरतात. माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, हे काय म्हणतंय बघा. लॉक म्हणतंय."

कार्डाच्या कडेला एक इवलीशी खिटी असते. ती सरकवली की कार्डाला कुलूप लागतं, त्यातलं काही पुसता येत नाही. मी कार्ड बाहेर काढलं, नखाने खिटी वर सरकवली, कार्ड परत आत घातलं आणि स्वतःच्या हाताने बटण दाबलं. "एवढंपण कळत नाही का काका, दोन वर्षं झाली शिकवतेय," हेही वर ऐकवलं. सगळे हसले, काकाही हसले.

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावचा रस्ता सुरुवातीला चांगला आहे, मधे मधे खड्डे आहेत पण रडण्यासारखे नाहीत. भातं कापून झालेली, खाचरांत वाल पसरलेला, आणि पाण्याची सोय आहे तिथे भेंडीचे हिरवेगार मळे. काळू नदीच्या पुलावर थांबलो. खाली बायका गोधड्या धूत होत्या, वर उन्हाची तिरीप नुकती आली होती. काकांनी तिथे बघून बघून फोटो काढले. ते कधीच घाई करत नाहीत.

पुढे जीपमध्ये त्यांनी आज्यांची गोष्ट सांगितली. गावात नवं बुद्धविहार झालंय. धम्मदीक्षा घेतली तेव्हा परकरात असलेल्या सात जणी अजून गावात होत्या, आता सगळ्या ऐंशीच्या आसपास. त्यांचे फोटो मोठे करून विहाराच्या सभागृहात लावायचे असं गावाने ठरवलं. दिवाळीआधी काकांनी जाऊन सातही जणींचे फोटो काढले. दिवाळीनंतर त्यातल्या हौसाआजी गेल्या.

"घरात त्यांचा दुसरा फोटोच नाय," काका म्हणाले. "आधार कार्डावर हाय, पण त्यात म्हातारी घाबरलेली दिसते. आज सगळ्यांना कॅमेऱ्यात दाखवतो आणि संध्याकाळी कार्ड तुमच्याकडे देतो मोठे करायला. आमच्याकडे कॉम्प्युटर नाय ना." आणि त्यांनी खिशावर हात ठेवला. तिथे प्लास्टिकच्या डबीत दुसरं कार्ड होतं. मी पुढच्या सीटवर शेंगदाणे खात होते.

सरळगावच्या नाक्यावर मिसळ खाल्ली. तिखट आहे, पाव मऊ आहे, जरूर खा. तिथून धसईकडे वळलं की सह्याद्रीची भिंत एकदम अंगावर येते. धसईच्या बाजारात भाजीचे ढीग, तांदळाची पोती, मुरबाडला निघालेली एसटी आणि तिच्यामागे पळणारी एक बाई, एवढं सगळं एकाच चौकात मिळालं. माझे बारा फोटो तिथेच खर्ची पडले. काकांच्या गावाचं नाव मात्र मी लिहीत नाही. लोक रील काढायला येतील आणि म्हाताऱ्यांना उगाच त्रास.

अकराच्या सुमाराला गावात पोचलो. विहाराच्या पायरीवर सहा आज्या बसल्या होत्या, सगळ्या इस्त्रीच्या पांढऱ्या साड्या नेसून. "जय भीम" झालं, पाणी झालं. हौसाआजींची सून कल्पना एका बाजूला उभी होती. तिच्या हातात नवीकोरी फ्रेम होती, काचेवरचा कागदही काढला नव्हता. धसईच्या बाजारातून ती आदल्या दिवशीच आणली होती.

काकांनी खिशातली डबी उघडली, कार्ड कॅमेऱ्यात घातलं आणि बटण दाबलं. वाशिंद स्टेशनबाहेरची कुत्री दिसली. पुढे कुत्रीच, मग आमच्या जुन्या सहलीतला एक धबधबा. काकांनी कार्ड बाहेर काढून उलटसुलट पाहिलं. दोन्ही कार्डं एकाच कंपनीची, एकाच निळ्या रंगाची.

"ताई," ते हळूच म्हणाले, "सकाळी आपण कुठलं पुसलं?"

आपण कसले, मी पुसलं होतं. कुलूप त्यांनी एवढ्यासाठीच लावलं होतं आणि मग विसरले होते, आणि ते कुलूप मी माझ्या नखाने उघडलं होतं. वर चारचौघांत त्यांना बोललेही होते. काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त पायरीवर टेकले आणि म्हणाले, "हौसाआजीचा आता कुठून आणायचा?"

आमच्यातली प्रमिला शाळेत विज्ञान शिकवते. ती पुढे आली. "काका, त्या कार्डावर आता एकही फोटो काढू नका. वहीची अनुक्रमणिका फाडली तरी आतली पानं असतात, तसं आहे हे. पानांवर नवीन लिहिलं की मग संपलं. सकाळपासून किती काढले?"

"नऊ."

"मग काही पानं गेली. बाकीची मिळतील कदाचित. पण कोणती गेली ते आत्ता सांगता येणार नाही."

बायकांना सांगायचं मीच ठरवलं. म्हटलं, माझ्या हातून तुमचे सगळे फोटो पुसले गेले, चूक काकांची नाही, माझी आहे. एक आजी म्हणाल्या, "मंग परत काढ. आमी कुठं पळून चाललो?" दुसऱ्या म्हणाल्या, "बरं झालं गो, त्या टायमाला माझं डोळं मिटलेलं." सगळ्या हसल्या. कल्पना हसली नाही. फ्रेम छातीशी धरून तिने विचारलं, "आयचा नाय मिळायचा?" मी म्हटलं, मुरबाडला एखाद्या स्टुडिओत जाऊन प्रयत्न करते.

सहा जणींचे फोटो बाकीच्यांनी परत काढले. मी माझा कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. लगेच निघू म्हटलं तर आज्यांनी वाट अडवली, जेवल्याशिवाय कोणी जायचं नाय. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. एरवी अशा जेवणावर मी दोन परिच्छेद लिहिले असते. त्या दिवशी घास तोंडात फिरत राहिला आणि वाढणारी बाई प्रत्येक वेळी विचारत राहिली, "तिखट झालं का?"

मुरबाडच्या बाजारपेठेत रविवारी दुपारी बरीच दुकानं अर्ध्या शटरवर असतात. लग्नाचे फोटो काढणारे एक स्टुडिओवाले दादा हळदीच्या ऑर्डरला निघायच्या तयारीत भेटले. बॅग खांद्यावर होती. मी त्यांना सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी बॅग खाली ठेवली.

"वरून परत शूट केलंय?"

"नऊ फोटो."

"मग पहिले काही गेलेच समजा. नवीन फोटो जुन्यांच्या सुरुवातीवर बसतात. तुमच्या आजीचा कितवा होता?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांना आठवेना. सात आज्या, प्रत्येकीचे चार-पाच फोटो, आणि कोणाच्या घरी आधी गेलो ते तीन महिन्यांनी कोण लक्षात ठेवतं? दादांनी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायला लागली. काका खुर्चीत हात गुंतवून बसले होते. मी दुकानातल्या नवरा-नवरींच्या अल्बमची पानं उलटत होते आणि एकही चेहरा बघत नव्हते. नियम, नियम म्हणून नाकाने कांदे सोलत आले होते, आणि त्याच नियमाने एका बाईचा शेवटचा फोटो मी पुसला होता. मला रडू येत होतं, पण रडायचा हक्क माझा नव्हता.

चाळीसेक मिनिटांनी पडद्यावर चौकटी उमटू लागल्या. पहिल्या काही करड्या, फुटलेल्या. मग अर्धी शेळी. मग विहाराची कमान. मग एक आजी, दुसरी आजी. दादा एकेक उघडून दाखवत होते आणि काका नावं घेत होते. सहा झाल्या. सातवी येईना. चौकटी संपत आल्या तसे काकाही नावं घ्यायचे थांबले.

अगदी शेवटच्या रांगेत एक चौकट उघडली. दारात उभ्या म्हातारीने एक हात कमरेवर ठेवलाय, दुसरा कॅमेऱ्याच्या दिशेने उगारलाय आणि तोंड उघडं आहे. काका उभेच राहिले.

"हीच हौसाआजी. आता आठवलं. सकाळी गेलो तर म्हणाली तेल लावायचंय डोक्याला, मंग ये. परत गेलो तर साडी बदलायची. तिसऱ्यांदा संध्याकाळी गेलो, सगळ्यांचे झाल्यावर, तर म्हणते एवढा उशीर का केलास रे मेल्या. तेव्हाच बटण दाबलं मी."

तिने काकांना दोनदा परत पाठवलं म्हणून ती वाचली. माझा जीव असा भांड्यात पडला की मी तिथेच स्टुलावर बसून रडले. दादांनी पाण्याचा ग्लास दिला आणि हळदीला उशीर झाला म्हणून फोनवर कोणाला तरी थाप मारली. काकांची पहिली शेळी आणि कमानीचे काही फोटो गेले. त्यांचं कोणालाच काही वाटलं नाही.

कल्पनाला फोन मी लावला. "मिळाला," एवढंच म्हटलं. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"कशी दिसते आय?" तिने विचारलं.

"कोणाला तरी ओरडताना."

"म्हंजी बरोबर हाय," कल्पना म्हणाली. मग तिचा आवाज फुटला आणि तिने फोन ठेवला.

मुरबाडहून सरळगावला आलो आणि पुढे आल्या वाटेनेच परतलो. किन्हवलीपर्यंत सात माणसं सात प्रकारे घोरत होती. काका जागे होते, मीही जागी होते. अंधार पडायच्या आत वाशिंदला पोचलो. शहापूर-सरळगाव-धसई-मुरबाड एका दिवसात आरामात होतं, हिवाळ्यात जा, धसईच्या पुढे फोनला रेंज कमी आहे, आणि कार्डं वेगवेगळ्या रंगांची घ्या.

घरी आल्यावर मला वाटलं होतं, या सहलीतलं डोंगराचं दृश्य लक्षात राहील. राहिलं ते स्वतःचं बोलणं, "एवढंपण कळत नाही का काका." ते अजून कानात आहे आणि राहावं असंच मला वाटतं.

पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर काकांची माफी मागितली आणि कार्ड पुसायचा नियम बंद म्हणून सांगितलं. काकांनी हात वर केला.

"नियम बंद नाय करायचा. छत्तीसमुळे मी नीट बघायला शिकलो." मग त्यांनी खिशातून तेच निळं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. "हे कोरं करायचंय. करा."

"तुम्हीच करा ना काका."

"नाय. तुमीच करायचं."

मी विचारलं, सगळं कॉपी केलंय? केलंय म्हणाले. दोन ठिकाणी? दोन ठिकाणी. विहारातले सातही फोटो लागले? लागले. मी परत एकदा विचारलं आणि त्यांनी परत एकदा, न कंटाळता, सगळं सांगितलं. मी कार्ड कॅमेऱ्यात घातलं. माझा अंगठा कितीतरी वेळ बटणावर नुसता टेकलेला होता. काका शांतपणे उभे होते. मग मी दाबलं.