लुक्यानच्या विटा

ओरिनाने आयुष्यात एकच गोष्ट हट्टाने केली, ती म्हणजे घरातली चूल पाडली. खार्किवकडच्या आमच्या गावात गॅस येऊन वीस वर्षं झाली, तरी घर तापवणारं ते पुरुषभर उंच विटांचं धूड खोलीत मधोमध ठाण मांडून होतं. पण नवरा ऐकेल तर शपथ! हिवाळाभर लुक्यान त्या चुलीला पाठ लावून बसायचा. कोणी हात शेकायला आलं की आधी म्हणायचं, "लुक्यान, सरक जरा." सरकायचा तोही बोटभरच. गॅसचं काय, कोणीतरी चावी फिरवली की संपला, हे त्याचं पालुपद. ही कपाळावर हात मारायची.

तो गेला, त्याच उन्हाळ्यात हिने चूल पाडली. विटा मात्र टाकवेनात. मग त्याच्या कबरीभोवती त्यांचाच कठडा रचला, अगदी हौसेने.

पुढे लढाई आली. ऑक्टोबरात गोळे पडले, गॅस गेला, वीज गेली, आणि हिवाळा असाच काढायचाय असं पंचायतीने सरळ सांगून टाकलं. ओरिनाने खिडक्यांना गोधड्या ठोकल्या, जर्दाळूचं झाड तोडून सरपण रचलं. जाळायचं कुठे, एवढंच राहिलं. चूल बांधणारा म्हातारा सावा येऊन बघून गेला. माती होती, धुराडं शाबूत होतं.

"पण आग सोसलेल्या विटा हव्यात, ओरिने. दीडशे तरी. साध्या आठवड्यात तडकतील."

वीटभट्टी बंद, खार्किवचा रस्ता तुटलेला. तशा विटा कुठे आहेत हे दोघांनाही ठाऊक होतं. पण आमच्याकडे दफनभूमीतून घरी काही आणत नाहीत. फूल नाही, काडी नाही; बुटांची मातीसुद्धा फाटकातच झटकायची. आणलं तर पाठोपाठ मरण येतं. शेजारीण तेक्ला बजावूनच गेली, "मेल्या माणसाचं पांघरूण ओढून आणणार का गं? आणलंस तर तुझा उंबरा चढायची नाही मी."

ओरिना नऊ रात्री असतील नसतील ते कपडे चढवून झोपली. दहाव्या सकाळी पाणी गोठून बादलीच फुटली. तेव्हा तिने पहार घेतली, ढकलगाडी काढली. कबरीभोवतीच्या विटा गोठलेल्या जमिनीला घट्ट चिकटलेल्या होत्या.

"तुझंच खरं झालं," ती कबरीला म्हणाली. "आता दे."

दोन दिवस खेपा घातल्या. सावाने चूल उभी केली. ती पेटली, खोली उबदार झाली, आणि घरात चिटपाखरू फिरकेना. ओरिना चुलीपासून दूर, स्टुलावर एकटी बसायची. चुलीला पाठ लावायचा धीर तिला होईना. आपलं चुकलं, चूल पाडली तेव्हाही आणि बांधली तेव्हाही, असं तिला सारखं वाटत राहिलं.

चौथ्या दिवशी दारात तेक्ला उभी. ओठ निळे, बोटं वाकेनात. उंबऱ्यापाशी बराच वेळ थांबली, छातीवर क्रूस काढला आणि आत आली. चुलीपुढे जाऊन तिने हात पुढे केले.

"लुक्यान, सरक जरा," ती हळूच म्हणाली.

ओरिनाने रुमालात तोंड खुपसलं. जागा तर मोकळीच होती.