बेंबी बसवणारा हात

माझी शाळा दुसरीपर्यंत. तरी आमच्या गंजाड गावात कुणाचं पोट दुखलं की माणसं माझ्याकडे यायची. आमच्याकडे समजूत अशी की जड उचललं, पाय घसरला, की बेंबी जागेवरून सरकते. मी अंगठा बेंबीत दाबून ठोका बघायचो. बाजूला लागला तर तेल लावून चोळत चोळत मध्ये आणायचो. बापाने शिकवलं होतं.

नोटा बदलल्या त्याच्या पुढच्या वर्षी, भाताच्या आवणीत, रोपं लावताना, माझ्या बायकोचं बेंबीभोवती दुखायला लागलं. वाकून वाकून सरकली असणार, म्हणून मी चोळलं. दुसऱ्या दिवशी दुखणं उजवीकडे खाली उतरलं. उलटी झाली, अंग तापलं. मी आणखी जोर लावला.

"गावाची पोटं बसवता, नि घरचं एक बसवता येत नाय?" ती दात खाऊन म्हणाली.

"गप पड. पोट सैल सोड."

तिसऱ्या दिवशी दुपारी दुखणं एकदम थांबलं. तिने पेज मागितली. मी शेजारी सांगून आलो, बसली म्हणून.

सकाळी पोट फळीसारखं कडक. हात लावू देईना. जीपमध्ये घालून कासाच्या सरकारी दवाखान्यात, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात. पोट उघडलं. त्यानंतर चौथ्या दिवशी ती गेली.

तिथली डॉक्टरीणबाई पोरीच्या वयाची. केसपेपरच्या पाठीवर तिने चित्र काढलं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, उजवीकडे, करंगळीएवढी एक शेपटी असते. तिचं तोंड बंद झालं की ती सुजते, पू होतो.

"बाबा, दुखणं थांबलं ते बरं वाटून नाय. ती फुटली तेव्हा थांबलं. मग घाण पोटभर पसरली."

"आणि बेंबीतला ठोका?"

"ती काळजातून खाली येणारी रक्ताची मोठी नळी. सगळ्यांचीच उडते. बेंबी कुठे जात नाय."

एवढी वर्षं मी नळीवर अंगठा ठेवून बसलो होतो.

"मी दाबलं म्हणून फुटली का?"

"ते सांगता येणार नाय. पण तीन दिवस गेले ना, बाबा."

माणसं अजून येतात. मी पोटाला हात लावत नाही. उजवीकडे खाली दुखतं का, एवढं विचारतो. हो म्हणाले की जीप अडवायला मीच रस्त्यावर जातो. आणि कुणी म्हणालं, दुखत होतं पण आता थांबलंय, तर पळत जातो.