कुरणाखालचं जहाज

वेलिंग्टनला आम्ही टेकडीवर भाड्याच्या घरात राहायचो. शेजारच्या घरात पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक बाई एकट्या राहत. माझी मुलगी त्यांना आजी म्हणायची, आणि त्यांना ते फार आवडायचं. त्या मूळच्या एस्टोनियाच्या, तिथल्या सारेमा बेटावरच्या. महायुद्धात, अगदी कोवळ्या वयात, मासेमारीच्या होडीतून त्या स्वीडनला पळून आल्या आणि पुढे लग्न होऊन न्यूझीलंडला. तोवर परत कधी गेल्या नव्हत्या. नवरा सकाळच्या ट्रेनने ऑफिसला गेला, मुलगी शाळेत गेली, की मी घरात एकटीच. नोकरी मिळायची होती. मग दुपारचा चहा आजींकडे व्हायला लागला.

मुलीला शाळेत व्हायकिंग्जवर प्रोजेक्ट होतं. तिने पुठ्ठ्याचं शिंगवालं शिरस्त्राण केलं आणि मिरवत आजींना दाखवायला नेलं. आजींनी ते निरखून पाहिलं आणि शिंगं कापून टाक म्हणाल्या. असली शिंगं लावून कोणी लढत नव्हतं. मुलगी हिरमुसली. मग त्यांनी तिला जवळ बसवून सांगितलं, की समुद्रावरचे लुटारू काही फक्त नॉर्वे-डेन्मार्कचेच नव्हते. त्यांच्या बेटावरचे लोकही जहाजं घेऊन निघायचे आणि स्वीडनचा किनारा त्यांना टरकून असायचा. हे सांगताना त्या ताठ बसल्या होत्या. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "लुटीत माणसंही पकडून आणायचे, विकायला. तेही लिही हं तुझ्या प्रोजेक्टमध्ये."

"हीप्स ऑफ पीपल?" मुलीने तिच्या शाळेतल्या इंग्रजीत विचारलं, म्हणजे ढीगभर माणसं? आजींनी होकारार्थी मान हलवली.

मला लढायांपेक्षा घरातल्या गोष्टी ऐकायला आवडायच्या. जुन्या काळची त्यांची घरं लाकडी ओंडक्यांची, धुराडं नसलेली. दगडी भट्टी पेटवायची आणि वर आडव्या वाशांवर राय नावाच्या गव्हासारख्या धान्याच्या पेंढ्या वाळत घालायच्या. धान्याला धूर लागायचा, माणसांनाही. बायका दोन्ही खांद्यांवर ब्राँझच्या मोठ्या टाचण्या लावत आणि त्यांच्यामध्ये साखळ्या सोडत. चालताना त्या वाजायच्या. आमच्याकडे पैंजण वाजतात, असं मी सांगितलं, तर त्यांनी ते मला बॅगेतून काढून आणायलाच लावले. एकदा मी त्यांना ज्वारीची गरम भाकरी नेऊन दिली. त्यांनी आधी ती हुंगली. लहानपणच्या भाकरीला धुराचा वास असायचा, म्हणाल्या, आणि सगळी खाल्ली.

दोन हजार आठ साली इकडच्या वसंतात, सप्टेंबरच्या सुमारास, त्यांच्या चुलत भाच्याचा तिकडून फोन आला. गावाजवळ केबल टाकायला खणत होते, तिथे माणसांची हाडं निघाली होती. महायुद्धातले सैनिक असावेत, असं लोक म्हणत होते. आजी एप्रनवरच आमच्याकडे आल्या आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राहिल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की त्यांना एक मोठा भाऊ होता. सैन्यात ओढून नेला, तो परत आलाच नाही. कुठे गेला, कुठे पुरला, काही पत्ता नव्हता. मी चहा केला. त्यांनी तो घेतला नाही.

काही दिवसांनी पुन्हा फोन आला. हाडांजवळ तलवारीचे तुकडे आणि हाडाच्या सोंगट्या सापडल्या होत्या. ती माणसं हजार वर्षांहूनही जुनी होती. त्यांना जहाजात ठेवून पुरलं होतं. लाकूड केव्हाच कुजलं होतं, पण लोखंडी खिळे मातीत ओळीने तसेच राहिले होते, त्यावरून जहाजाचा आकार कळत होता.

"तिथे मी गाई चारायचे," आजी म्हणाल्या. "आम्ही दोघं भावंडं तिथेच पालथे पडून झोपायचो." त्यात भाऊ नाही हे कळून सुटल्यासारखं वाटलं की निराशा झाली, ते त्यांनाही कळत नसावं. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "मला तिकडे जाऊन यायचंय."

पुढच्या वर्षी, तिकडच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. विमानतळावर आम्ही तिघंही सोडायला गेलो होतो. परतल्या तेव्हा चेहरा रापला होता. हाडं केव्हाच तपासणीला हलवली होती. पाहायला नुसती उकरलेली माती. तिच्या कडेला त्यांनी काळ्या पावाचा तुकडा ठेवला. भावासाठी ठेवला की त्या खलाशांसाठी, हे मी विचारलं नाही.

पण त्यानंतर त्या भावाबद्दल बोलायला लागल्या. आधी कधी नाव काढलं नव्हतं, आता रोज काहीतरी निघायचं. तो शीळ कशी घालायचा, कोणती गाय त्याला मारायला यायची. हिवाळ्यात समुद्र गोठला की तो त्यांना घसरगाडीवर बसवून ओढत शेजारच्या बेटावर न्यायचा. समुद्रावरून चालत! मी पुण्याची, माझा विश्वास बसेना. बर्फ तडकला तर, मी विचारलं.

"तो पुढे चालायचा ना," त्या म्हणाल्या, आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.