भिंतीतलं तान्हं

सिस्टर निवृत्त झाल्या, पण त्यांचं सिस्टरपण काही सुटलं नाही. ज्या प्रसूतिगृहात त्यांची सगळी नोकरी झाली, ते नव्या जागेत हललं आणि मालकाने त्या जुन्या दगडी इमारतीत भाडेकरू ठेवले. सिस्टरांनी हट्टाने तिथलीच खालची एक खोली घेतली. पूर्वी तिथे धुतलेली दुपटी वाळत असत. जिन्यावर कोणी पाय आपटत आलं, की त्या दार उघडून नुसत्या बघत. येणारा पुढच्या पायऱ्या चवड्यांवर चढे.

समोरच्या खोलीत पूर्वी बाळंतपणं होत. आता तिथे एक काकू आणि त्यांची सून राहत होत्या. मुलगा कामासाठी परगावी. सुनेचे दिवस भरत आले होते आणि सासू-सुनेचं गूळपीठ असं, की बघणाऱ्याला त्या मायलेकीच वाटाव्यात. पण अलीकडे, दिवेलागणीच्या सुमारास, त्या खोलीच्या भिंतीतून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येऊ लागलं. बारीक आणि लांबलेलं. थोडा वेळ चाले आणि एकदम थांबे. अख्ख्या इमारतीत तेव्हा तान्हं मूल एकही नव्हतं.

सुनेने वडिलांना फोन केला. ते रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाले. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या तडक सिस्टरांच्या दारात.

“सिस्टरबाई, ही गेली तर मी काय भिंतीशी बोलू?”

“भिंत बोलतेय म्हणूनच तर ती चाललीय,” सिस्टर म्हणाल्या.

मागून सून आली. “तुम्हीच काय ते शोधून सांगा, सिस्टर. भिण्यासारखं नसेल तर मी राहते. मलाही कुठे जायचंय? पण उगाच माझी समजूत घालू नका हं. मला कळतं.”

सिस्टरांचा भाचा कार्यक्रमांना लाऊडस्पीकर लावायचा. आवाजाचा माणूस म्हणून त्याला बोलावणं गेलं. त्याने भिंतीला कान लावला, बोटांनी टकटक केलं आणि म्हणाला, “मावशी, मी वाचलंय याबद्दल. काही लोक म्हणतात, जुना दगड आवाज पिऊन घेतो. कॅसेटसारखा. मग कधीतरी तो आपोआप वाजवतो.”

“सिद्ध केलंय कोणी?”

“छे. पण वाचायला मजा येते.”

सिस्टर हसल्या खऱ्या, पण ते त्यांच्या मनात घर करून बसलं. त्या खोलीत किती जिवांनी पहिला टाहो फोडला होता. प्रत्येक वेळी त्या मनातल्या मनात देवाला हात जोडत आणि पुढच्या कामाला लागत. नव्या जागेत आता त्यांना ओळखणारंही कोणी उरलं नव्हतं. भिंतीने त्यातला एखादा आवाज जपला असेल, तर देवाचीच कृपा म्हणायची. पण तसं निघालं तर सून चालली. आपल्याला नक्की काय निघायला हवंय, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

तपास मात्र त्यांनी आपल्या पद्धतीने सुरू केला. वॉर्डात होती तशी शांतता पुकारली. संध्याकाळी रेडिओ बंद, पंखे बंद, भांडी घासणं बंद, नळ बंद. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी खोकावं की नाही तेसुद्धा विचारून घेतलं.

भाच्याने भिंतीला माईक चिकटवला आणि कानांवर हेडफोन चढवला. सगळे श्वास रोखून बसले. भिंत ढिम्म. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. मग भाच्याने हात वर केला.

“मावशी, आवाज सापडला.”

सगळे सावरून बसले.

“काकूंच्या पोटाचा आहे. काकू, जेवून घ्या.”

काकूंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. इमारतीत बोलवा उठली, की सिस्टरांना बघून भुताचीसुद्धा बोबडी वळली. सिस्टरांनाही मनातून जरा गुदगुल्या झाल्याच. सून तेवढी मान हलवत राहिली. “गप्प बसलंय म्हणजे गेलं असं नाही. ते आपलं ऐकतंय.” तिने बॅगेत आणखी दोन कपडे भरले.

शनिवारी संध्याकाळी सगळे पुन्हा तसेच भिंतीसमोर बसले होते. मास्तर कठडा धरत, एकेक पायरी उतरत खाली आले. चालणं अगदी बदकासारखं.

“सिस्टर, राग मानू नका,” ते कुजबुजले. “तुमची शांतता कधी उठणार?”

“का हो?”

“माझे गुडघे. रोज याच वेळेला मी गरम पाण्याच्या पिशवीने शेकतो. त्यापुरताच तो कोपऱ्यातला नळ सोडतो. आता नळच बंद म्हटल्यावर...”

“अहो, मग सांगायचं नाही का? भरा जा पिशवी.”

मास्तर वर गेले. वर नळ सुटल्याचा नुसता खळखळाट झाला आणि इथे भिंतीतून बाळ रडू लागलं.

सुनेने सासूचा हात घट्ट धरला. सिस्टर उठल्या, जिन्याच्या पायथ्याशी गेल्या आणि नोकरीत कधी चढवला नव्हता एवढा आवाज चढवून म्हणाल्या, “मास्तर, नळ बंद करा.”

बाळ गप्प.

“सोडा.”

बाळ रडलं.

“अरे देवा,” सिस्टर म्हणाल्या आणि मटकन पायरीवर बसल्या. वरच्या टाकीपासून त्या भिंतीतून खाली येणारा जुना पाइप त्यांना चांगला ठाऊक होता. बाळंतिणींसाठी कढत पाणी त्यातूनच यायचं. मास्तरांच्या नळाचा वॉशर झिजला होता, नळ थरथरला की भिंतीत पाइप गायचा. आणि त्यांनी काय केलं होतं, तर आवाज शोधायला बसताना पहिल्यांदा आवाजाचंच तोंड बांधलं होतं. त्यांना स्वतःचंच हसू आलं. हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले. काकूंना वाटलं, हसून पाणी आलं. तेही खरंच होतं.

“भिंतीने काही जपलेलं नाही, बाई,” त्या सुनेला म्हणाल्या. “पाणी आहे ते.”

“समजूत घालताय.”

“मग चल वर. तूच सोड नळ.”

सून सासूच्या आधाराने जिना चढली. तिने नळ सोडला, खालून भाचा ओरडला, “रडतंय.” तिने बंद केला, “झोपलं.” असं चार-पाच वेळा झालं. मग तिला असं हसू फुटलं, की मास्तरांनी घाईघाईने तिला खुर्ची दिली.

रविवारी वडील आले ते गाडीत उशा घालूनच. लेकीने त्यांना आधी वर नेलं आणि नळ दाखवला. त्यांनी स्वतः दोनदा सोडून पाहिला, तिसऱ्यांदा काही कारण नसताना. मग चहा घेतला, उशा लेकीला देऊन टाकल्या आणि एकटेच परतले.

मास्तरांनी प्लंबरला बोलावलं होतं. तो पाना काढत म्हणाला, “पाच मिनिटांचं काम.”

“उद्या ये,” सिस्टर म्हणाल्या. “आज राहू दे.”

त्या संध्याकाळी त्यांनी समोरच्या खोलीत भिंतीजवळ खुर्ची घेतली. काकूंनी रेडिओ बंद केला. वर मास्तरांनी पिशवी भरायला घेतली आणि भिंतीतलं तान्हं रडू लागलं.

“काय हवं असेल हो त्याला?” सुनेने पोटावर हात ठेवत विचारलं.

सिस्टरांनी डोळे मिटून नीट ऐकलं. “भूक नाही. दुखतही नाहीये,” त्या म्हणाल्या. “ओलं झालंय. दुपटं बदलायला हवं.”