हिलना नक्को

हैदराबादेतल्या नल्लकुंट्याहून डोळ्यांच्या दवाखान्यात मी एकटीच गेले होते. साखरेमुळे डोळ्याचा पडदा खराब झाला होता, त्यावर लेसर मारायचा होता. पण खिडकीवरच्या नर्सला माझ्या डोळ्यापेक्षा काळजी भलतीच. "साथ कौन आए अम्मा?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझं डोकं फिरलं. "साब नीचे चाय पीरें," मी ठोकून दिलं. खरं तर आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली होती.

हे गेल्यापासून घरात मराठी उरली ती पुस्तकांतच. मुलगा मलकपेठेला, फोनवर त्याच्या तोंडी हैदराबादी हिंदीच येते. म्हणून मी मोठ्याने वाचते, तेवढंच कानावर पडतं. डोळा गेला असता तर तेही गेलं असतं, आणि मला त्याचीच भीती होती.

डॉक्टर तरुण तेलुगू मुलगी. मी तिला विचारलं, एवढा उजेड आत जातो, मग वाटेत काही जळत नाही? ती म्हणाली, वाटेत तो पसरलेला असतो, पडद्यावर एका टिंबात गोळा होतो. त्या टिंबातही सगळा जोर अगदी मधोमध, कडेला नुसता कोमट. नजर हलली आणि तो मधला जोर पडद्यावरच्या वाचायच्या जागेवर पडला, तर वाचणं संपलं.

"मेरे कान कू देखो अम्मा. हिलना नक्को."

नको! आपला शब्द समोरासमोर ऐकून किती दिवस झाले होते. हसू आलं, पण हलले नाही. हिरव्या चमका येत राहिल्या. इतक्या जवळ बसून माझ्याकडे कुणी बघितल्याला जमाना लोटला होता. खरं सांगते, ते लवकर संपू नये असं वाटलं.

"पढने की जगा बच गई," ती म्हणाली.

डोळ्यांत घातलेल्या थेंबांमुळे सगळं धूसर होतं. नर्सने हात धरला. "चलो, अंकल के पास छोडतूं." मी नको नको म्हणेपर्यंत आम्ही खाली चहाच्या टपरीशी पोचलो. ऊन डोळ्यांत घुसत होतं. बरेच पुरुष उभे होते, पण चेहरा एकाचाही दिसेना, नुसते पांढरे शर्ट.

"कौनसे हैं अम्मा?"

खरं सांगून टाकायला हवं होतं. पण चेहरे दिसत नव्हते तोवर त्यांतले कुणीही आमचे हे असू शकले असते.

"जरा ठैरो," मी म्हटलं, आणि खरोखरच शोधू लागले.